दुपारची झोप : नाही

हे प्रकरण एका घरातल्या साधारण चार महिन्यांचं आहे. मुलांच्या आईवडिलांनी आणि मुलं सांभाळणाऱ्या मुलीने वाचून होकार दिल्यावरच लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला इथे ताई म्हणते, कारण मुलं तिला तेच म्हणायची. मुलं दोन: थोरली सव्वातीन वर्षांची, धाकटा सुरुवातीला १९ महिन्यांचा. मी या गोष्टीत बाहेरची आहे, पण पूर्ण बाहेरची नाही. लहान मुलं सांभाळणाऱ्यांना मी शिकवते आणि ताई माझ्या वर्गात बसून गेलेली होती.

पार्श्वभूमी

ताई २२ वर्षांची. मानसशास्त्राची पदवी नुकतीच हातात आलेली. पुढे शिकायचं की नाही ते ठरत नव्हतं, तेवढ्यात ओळखीतून हे काम आलं. "एवढं शिकून लोकांची पोरं सांभाळणार?" हा प्रश्न तिला इतक्या जणांनी विचारला की तिने उत्तर पाठच करून टाकलं: "बालविकास हाच माझा विषय आहे." ते खोटं नव्हतं. पण असं ठासून सांगितल्यावर काही बिनसलं तर घरी बोलायची सोय राहिली नाही. शिवाय या विषयातलं आपल्याला मुलांच्या आईपेक्षा चार गोष्टी जास्त कळतात, असंही तिला आत कुठेतरी वाटायला लागलं.

पुस्तकातलं आणि घरातलं किती वेगळं, हे पहिल्याच सकाळी दिसलं. परीक्षेत तिने मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या प्रयोगावर मोठं उत्तर लिहिलं होतं: आई मूल सोडून खोलीबाहेर जाते, परत येते, तेव्हा मूल कसं वागतं ते बघायचं. त्यातला आई नसतानाचा एकेक टप्पा तीन मिनिटांचा असतो आणि मूल फारच रडलं तर तो आटोपता घेतात. इथे आई साडेनऊ तासांसाठी गेली होती. धाकटा दाराच्या फटीत बोटं घालून पंचवीस मिनिटं रडला. ताई त्याची बोटं दारात सापडू नयेत म्हणून दाराला पाठ लावून खाली बसून राहिली. "उत्तर येत होतं, पण त्याचं नाक कशाने पुसायचं ते कळत नव्हतं," असं ती नंतर म्हणाली. तीन आठवड्यांत तो रुळला. रडणं दहा मिनिटांवर आलं, मग दारापर्यंत जाऊन हात हलवण्यावर.

कामाची बोलणी मात्र दहा मिनिटांत उरकली होती. साडेआठ ते सहा, शनिवार-रविवार सुट्टी, "मुलांचं सगळं बघायचं, बाकी बघू." त्या "बाकी"मध्ये दुसऱ्या महिन्यापर्यंत मुलांच्या कपड्यांच्या घड्या आल्या, मग सगळ्यांच्याच कपड्यांच्या घड्या आल्या, मग संध्याकाळच्या स्वयंपाकाची चिराचिरी आली. कुणी जुलूम केला नाही. "अगं, तो झोपला की तेवढं बघशील का?" इतक्या साध्या वाक्याने एकेक काम वाढलं.

घरात एक रोजवही होती. सकाळी किती खाल्लं, किती वेळा लंगोट बदलला, दुपारची झोप किती ते किती, पडणं-लागणं, औषध. ही वही ठेवायची कल्पना ताईचीच, माझ्या वर्गात शिकलेली.

अडचण

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी धाकटा रात्री साडेदहा वाजले तरी झोपेना. आधी तो साडेआठला झोपायचा. आईवडील दोघंही दिवसभर काम करून आलेले, आणि मूल दिवे मालवल्यावर पलंगावर उड्या मारतंय. आईने वही पाहिली. दुपारची झोप पावणेतीन-तीनला सुरू होऊन पावणेपाचपर्यंत चाललेली. तिने जो निष्कर्ष काढला तो कुणीही काढला असता. "उद्यापासून दुपारी झोपवू नकोस. थकला की रात्री वेळेवर झोपेल."

आईचा तर्क चुकीचा नव्हता, अर्धा बरोबर होता. माणूस जितका वेळ जागा राहतो तितका झोपेचा दाब साठत जातो. झोपेचे अभ्यासक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानाचा एक भाग हाच आहे, दुसरा शरीरातल्या घड्याळाचा. दुपारी उशिरा लांब झोप घेतली की तो दाब उतरतो आणि रात्र लांबते. पण वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत दुपारची धरून ११ ते १४ तास झोप लागते. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये हेच सांगितलं, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येही. बहुतेक मुलं दीड वर्षाच्या आसपास दिवसाच्या दोन झोपांवरून एकीवर येतात, पण ती एक झोप सुटायला तीन वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. २१ महिन्यांच्या मुलाची दुपार कापली तर तो थकून शांत होत नाही, थकून पिसाळतो.

ताईला हे सगळं माहीत होतं. तिने ते आईला सांगितलं नाही. का नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "त्या नोकरी देणाऱ्या. आणि त्या आई." ती म्हणाली, "बरं."

पहिले तीन दिवस तिने इमानदारीने पाळलं. पहिल्या दिवशी धाकट्याने पाच वीसला उंच खुर्चीत, हातात चमचा असताना, ताटलीत तोंड घालून झोप काढली. रात्री अकरा वाजले. वहीत तिने हे लिहिलं. आई म्हणाली, सवय व्हायला दोन-चार दिवस लागतीलच. तिसऱ्या दिवशी साडेचारच्या सुमाराला थोरली ठोकळ्यांची रांग लावत बसली होती. धाकटा उठला, तिच्याजवळ गेला, दंडाला तोंड लावलं आणि चावला. भांडण नव्हतं, ठोकळाही मागितला नव्हता. दातांची पूर्ण गोल खूण उमटली. या वयात, शब्द कमी आणि राग-थकवा जास्त असतो तेव्हा, मुलं चावतात. त्यात नवल नाही. नवल एवढंच की चावल्यावर तोच आधी रडायला लागला.

चौथ्या दिवशी तीन वाजता तो ताईच्या मांडीवर पेंगायला लागला आणि तिने त्याला उठवलं नाही. सव्वाचारला, आई येण्याच्या खूप आधी, तिने त्याला जागं केलं. वहीत लिहिलं: दुपारची झोप : नाही.

खोटा रकाना

तो आदेश आला तेव्हापासून ताई माझ्याशी बोलली त्या गुरुवारपर्यंत कामाचे १९ दिवस झाले. त्यातले पहिले तीन खरे. मधले दोन दिवस तो खरोखरच झोपला नाही. उरलेले १४ दिवस वही खोटी आहे.

हा आकडा आम्ही नंतर कसा काढला ते सांगण्यासारखं आहे. धाकटा झोपला की ताई मैत्रिणीला एकाच शब्दाचा निरोप पाठवायची: "झोपला." निरोपांच्या वेळा फोनमध्ये होत्या. दोन वाजून अठ्ठावन्न, तीन वाजून चार, तीन वाजून अकरा. घरातल्या वहीत जे नव्हतं ते सगळं तिथे होतं.

या चौदा दिवसांतला एक दिवस बाकीच्यांपेक्षा वाईट. संध्याकाळी आई आली, बूट काढत होती, आणि थोरली सहज म्हणाली, "बाळ झोपलं होतं, मी आवाज नाही केला." आईने ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "नाही हो मॅडम, खेळता खेळता नुसते डोळे मिटत होता." थोरली काही बोलली नाही. ती ताईकडे बघत राहिली, मग आपल्या बाहुलीकडे गेली. सव्वातीन वर्षांच्या मुलीने खरं सांगितलं होतं आणि तिच्यासमोर, तिला रोज "खरं सांग हं" म्हणणाऱ्या माणसाने, ते खोटं पाडलं. मुलाला झोपू दिलं याचा ताईला आजही पश्चात्ताप नाही. या वाक्याचा आहे.

हेतूबद्दलही सरळ बोललं पाहिजे. सुरुवातीला मला वाटलं, मुलाच्या मायेपोटी केलं. तीच म्हणाली, "मायाही होती. पण तो झोपला की मला बसता यायचं. घड्या घालत का होईना, बसता यायचं." साडेनऊ तासांच्या दिवसात विश्रांतीची वेळ ठरलेली नसेल तर मुलाची झोप हीच सांभाळणाऱ्याची सुट्टी होते. मग ती झोप किती असावी याबद्दल तिचं मत निव्वळ मुलाच्या हिताचं राहत नाही. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

दरम्यान घरात वेगळंच चित्र उभं राहिलं. वहीनुसार मूल दुपारी झोपत नाही. रात्री दहाला झोपून सातला उठतं. म्हणजे चोवीस तासांत नऊ तास. आईवडील घाबरले आणि बालरोगतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टरांनी वहीवर विश्वास ठेवला, ठेवायलाच हवा होता. घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का, पाय झाडतो का असं विचारलं, आणि लोह कमी असेल तर झोप बिघडू शकते म्हणून रक्त तपासायला सांगितलं.

गुरुवारी निघताना आई म्हणाली, "शनिवारी सकाळी त्याचं रक्त काढायचंय. उद्या त्याला पाणी भरपूर पाज हं."

पर्याय

त्या रात्री नऊला ताईचा फोन आला. पहिलं वाक्य: "माझ्यामुळे त्याला सुई टोचणार आहेत."

तिच्यासमोर तेव्हा काय काय होतं ते तिने स्वतःच मांडलं. गप्प राहायचं आणि उद्यापासून खरंच झोपवायचं नाही. तपासणीत काही निघणार नाही, प्रकरण आपोआप विरेल. किंवा घरच्या अडचणीचं कारण सांगून नोकरी सोडायची. मला वाटतं, फोन केला तेव्हा तिचं मन तिथेच होतं. किंवा थोडं सांगायचं: "मॅडम, कधीकधी डुलकी लागायची त्याला." किंवा सगळं सांगायचं, दिवसांसकट.

गप्प राहण्याच्या पर्यायावर आम्ही फार वेळ घालवला नाही. एक सुई मोठी गोष्ट नाही, पण चुकीच्या माहितीवर सुरू झालेली तपासणी एकीवर थांबत नाही. नोकरी सोडण्यात तिची सुटका होती, मुलाची नव्हती. नवी येणारी बाई त्याच खोट्या वहीवरून काम सुरू करणार.

खरा मोह तिसऱ्या पर्यायाचा होता, आणि इथे माझी चूक कबूल करते. मी आधी तिला तसंच काहीतरी सुचवलं. म्हटलं, आधी तपासणी थांबेल एवढं सांग, बाकीचं हळूहळू. तीच म्हणाली, "हळूहळू म्हणजे पुन्हा वहीच ना?" मग मी गप्प बसले. "कधीकधी" हा शब्द डॉक्टरांच्या काही कामाचा नव्हता. त्यांना किती वाजता, किती वेळ, किती दिवस हे हवं होतं. म्हणजे प्रामाणिकपणा बाजूला ठेवला तरी निव्वळ उपयोगाच्या दृष्टीने अर्धी कबुली फुकट होती.

लिहून द्यायचं की तोंडाने, यावर आमचं एकमत झालं नाही. मी म्हणत होते, रात्रीच निरोप लिहून पाठव, रागावायला त्यांना रात्र मिळेल. ती म्हणाली, समोर सांगेन. पण आकडे लिहून नेईन.

शुक्रवार

सकाळी सव्वाआठला ती पोचली. मुलं न्याहारी करत होती. आईला म्हणाली, "मॅडम, निघायच्या आधी दहा मिनिटं हवीत, सरही असतील तर बरं." आणि कागद पुढे ठेवला. चौदा तारखा, चौदा वेळा. मग थोरलीच्या त्या वाक्याचंही सांगितलं. ते कागदावर नव्हतं.

वडील लगेच म्हणाले की आजचा दिवस कर, सोमवारपासून येऊ नकोस. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग जे बोलली ते झोपेबद्दल नव्हतंच: "रात्री दहा वाजता मी त्याला खांद्यावर घेऊन फिरत होते, आपलं काय चुकतंय म्हणून. तेव्हा तुला माहीत होतं."

ताईने स्पष्टीकरण दिलं नाही. माझ्या मते त्या सकाळी तिने केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट तीच. चावण्याची खूण, ११ ते १४ तास, २०१६ चं मार्गदर्शन, सगळं तिच्या जिभेवर होतं. ते तेव्हा काढलं असतं तर कबुलीची वकिली झाली असती.

आईने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, रक्त थांबवा, दोन आठवडे खरी वही ठेवा, मग या. ती वही ठेवायला ताईच लागणार होती. तिला काढण्याचा निर्णय दोन आठवडे पुढे ढकलला गेला तो क्षमेमुळे नाही, या गरजेमुळे.

गाडीतली डुलकी

खऱ्या वहीत चौथ्याच दिवशी उत्तर दिसलं, आणि ते कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

थोरलीची बालवाडी साडेबाराला सुटायची. ताई बारा दहाला धाकट्याला बाबागाडीत घालून निघायची, पंधरा मिनिटांचा रस्ता. परत येताना, बारा चाळीस ते बारा पन्नास, तो गाडीत डुलकी काढायचा. मान एका बाजूला, हातातला बूट सुटून मांडीवर. घरी उचलून घेतलं की जागा. ही डुलकी वहीत कधीच लिहिली गेली नव्हती, खोट्या वहीत नाही आणि आधीच्या खऱ्या वहीतही नाही, कारण तिला कुणी झोप मानलंच नव्हतं. पण दहा मिनिटांनी झोपेची पहिली भूक मरायची. मग जेवण, मग तासभर अंथरुणावर लोळणं, आणि खरी झोप तीन वाजता. दुपार उशिरा म्हणून रात्र उशिरा, रात्र उशिरा म्हणून सकाळ उशिरा. दुसऱ्या महिन्यात हे का सुरू झालं तेही जुळलं. थोरलीची बालवाडी तेव्हाच लागली होती.

म्हणजे प्रश्न झोपवायचं की नाही हा नव्हताच, कधी झोपवायचं हा होता. आईची बाजू आणि ताईची बाजू, दोन्ही एकाच चुकीच्या प्रश्नाची उत्तरं होती. आणि योग्य प्रश्न सापडायची एकमेव जागा, ती वही, चौदा दिवस बंद होती.

उपाय साधा निघाला. बालवाडीतल्या दुसऱ्या एका मुलाच्या पालकांनी आठवड्यातून तीन दिवस थोरलीला सोडायचं कबूल केलं. त्या दिवशी धाकटा लवकर जेवून सव्वाबारा-साडेबाराला झोपायचा आणि दोनच्या आत उठायचा. उरलेले दोन दिवस ताई त्याला गाडीत न घालता परत चालवत आणायची. पंधरा मिनिटांचा रस्ता चाळीस मिनिटांचा व्हायचा, प्रत्येक पायरी चढून उतरावी लागायची, पण तो जागा राहायचा आणि घरी येऊन जेवल्यावर लगेच झोपायचा. दहा-बारा दिवसांत रात्रीची झोप नऊच्या आसपास आली. दात येत होते तेव्हा आठवडाभर सगळं पुन्हा बिघडलं. रक्त तपासावं लागलं नाही.

ताई तिथे आणखी सात महिने राहिली. वडिलांनी बैठकीच्या खोलीत कॅमेरा लावला, तिला सांगून. तिला तो आवडला नाही. हक्काने नाही म्हणता येईल अशी जागा आपण घालवली, असं म्हणाली. त्यासोबत दोन पानांचा करारही झाला. कामाची वेळ, विश्रांतीचा पाऊण तास, कोणती कामं तिची आणि कोणती नाहीत, झोप-जेवण-औषध यांत शेवटचा शब्द कुणाचा, आणि मत वेगळं असेल तर शुक्रवारी संध्याकाळी वीस मिनिटं. कपड्यांच्या घड्या मुलांपुरत्या राहिल्या.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते प्रकरणाचा काटा खोट्या नोंदीवर नाही, त्याआधीच्या "बरं" या शब्दावर फिरतो. तीन खऱ्या दिवसांनंतर ताईकडे पुरावा होता: खुर्चीतली झोप, रात्रीचे अकरा, दंडावरची खूण. त्या संध्याकाळी ती म्हणू शकली असती, "मॅडम, तीन दिवस करून पाहिलं, असं असं झालं. आठवडाभर दीड वाजता झोपवून बघू का?" आई हो म्हणाली असती की नाही, माहीत नाही. आईलाच विचारलं तर ती म्हणाली, "बहुतेक चिडले असते. पण दुसऱ्या दिवशी हो म्हटलं असतं."

आईच्या बाजूने: "झोपवू नकोस" हा हुकूम होता, त्यात "काय होतंय ते मला सांग" हे नव्हतं. दिवसाचे साडेनऊ तास मूल जिच्याकडे असतं तिला कारण न विचारता वेळापत्रक बदललं की ती एक तर पाळते किंवा लपवते. आणि पहिल्या दिवशीची ती "बाकी बघू" पद्धत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरकामगारांविषयीचा करार क्रमांक १८९ आहे, २०११ चा. कामाच्या अटी कामगाराला समजतील अशा, शक्यतो लेखी द्याव्यात, असं त्यात म्हटलं आहे. लोकांना हे कारखान्याचं वाटतं, पण घरात येऊन मुलं सांभाळणारीही त्यात येते. विश्रांतीचा पाऊण तास पहिल्या दिवशी कागदावर असता तर धाकट्याच्या झोपेवर ताईचं स्वतःचं काही अडकलं नसतं.

आणि माझ्या बाजूने: वहीचे रकाने कसे आखायचे ते मी वर्गात दोन तास शिकवते. घशात घास अडकला तर काय, ताप चढला तर काय, सगळं शिकवते. मालकिणीशी मत जुळलं नाही तर तोंड कसं उघडायचं, याला मी एक मिनिट दिलं नव्हतं. आता एक सबंध तास देते, आणि तो बोलण्याच्या सरावाचा असतो: एक जण आई होतो, एक जण ताई. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळेच "बरं" म्हणतात.

थोरलीचं काय, हा प्रश्न उरतो. ताईने शुक्रवारीच दुपारी तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, "त्या दिवशी तू बरोबर होतीस. बाळ झोपलं होतं. मी चुकीचं बोलले." थोरली म्हणाली, "मला माहितीये," आणि बाहुलीचा दुसरा बूट शोधायला गेली.

वही आईने जपून ठेवली आहे. करारानंतर ताईने त्यात एक नवा रकाना आखला होता: गाडीतली डुलकी. शेवटच्या महिन्यात तिथे जवळजवळ रोज शून्य आहे. एका गुरुवारी मात्र लिहिलंय: "६ मिनिटं. पाऊस होता, गाडीतच आणलं."